साडूचे थोटे देव

भिवंडीत माणसं काय वाट्टेल ते जमवतात. कुणी गळ्यात इतकं सोनं जमवतो की त्याला मान वर करून आभाळ बघता येत नाही. कुणी गाडीला ठरावीक नंबर मिळावा म्हणून जिवाचं रान करतो. कुणी शर्यतीचे बैल पाळतो आणि पोरांना कधी विचारलं नसेल इतक्या प्रेमानं त्यांना ‘जेवलास का’ म्हणून विचारतो. हे सगळं मी समजू शकतो. पण ज्यांना हात नाहीत, पाय नाहीत, काहींना तर मुंडकंही नाही आणि अंगावर कपडा म्हणाल तर नावाला, अशा परदेशी दगडी देवांची जुनी कागदी चित्रं जमवणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि नेमका तोच माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, कारण तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. इथं मात्र तो समोर नाही, आणि असता तरी मराठी वाचायला त्याला सवड नाही. तो सध्या लॅटिन वाचतो. म्हणजे भिंग लावून नुसता बघत बसतो.

माझं धामणकर नाक्यावर फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे फोटो, पोरांची सर्टिफिकिटं, पुढाऱ्याच्या शेजारी कसंबसं अंग घुसवून काढलेले फोटो, असं सगळं माझ्याकडं येतं आणि काचेआड जातं. देव आणि मयत यांच्यावर माझं घर चालतं, आणि दोघांचीही मी कधी टिंगल केलेली नाही. पण साडूची चित्रं ना देवात मोडतात ना मयतात. देव म्हणावं तर त्यांची पूजा करणारे कधीच संपले, आणि मयत म्हणावं तर ते जन्मालाच आले नव्हते. असल्या अर्धवटांना फ्रेम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, हे कुठं तरी लिहून ठेवलंच पाहिजे.

पूर्वी हा माणूस शहाणा होता असं म्हणतात, मी पाहिलेला नाही. नाक्याच्या मागच्या गल्लीत त्याचे कापड विणायचे लूम होते. दिवसभर खडखडाटात राहून त्याला ओरडून बोलायची सवय लागली, ती लूम भंगारात गेल्यावरही सुटली नाही. भिवंडीजवळ पूर्ण्याला, त्यांच्या गावी, त्यांची भातशेती होती. तिच्यावर भावांनी मिळून गोदामं बांधली, घर भाड्यावर चालायला लागलं, आणि याला दिवसभर करायला काही उरलं नाही. रिकाम्या माणसाचं डोकं कुठं तरी फिरायला जातंच, याचं गेलं ते थेट इटलीला. झालं असं, की एका गोदामात रद्दीचा धंदा करणारा भाडेकरू होता. तो गाळा सोडून गेला आणि मागं काही गठ्ठे टाकून गेला. दुसरा कुणी असता तर भंगारवाल्याला हाक मारून मोकळा झाला असता. यानं एक गठ्ठा सोडला. आतून पाटाएवढं एक फाटकं विलायती पुस्तक निघालं, आणि त्याच्या पहिल्याच पानावर एक धड होतं. नुसतं धड. संध्याकाळी ते पान छातीशी धरून तो माझ्या दुकानात शिरला आणि लूमच्या आवाजात ओरडला, “अरं, याला फ्रेम कर! काय माणूस हाय बघ!”

मी म्हटलं, “माणूस कुठाय यात?”

त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांच्या सुखाला कसर लागली. पुढं तो मुंबईच्या जुन्या बाजारात जायला लागला, पुस्तकवाल्यांच्या ओळखी काढायला लागला आणि दर फेरीला एक-दोन थोटे घेऊन यायला लागला. त्याचं व्याख्यान मला पाठ आहे, कारण मी काच कापत असताना ते सुरू व्हायचं आणि कापणारा माणूस जागचा हलू शकत नाही. दोन-अडीचशे वर्षांमागं युरोपातल्या शिकल्यासवरल्या लोकांना जमिनीतून निघालेल्या जुन्या ग्रीक-रोमन पुतळ्यांचं वेड लागलं. पुतळा काही प्रत्येकाला घरी नेता येईना. मग कारागीर पुतळ्यासमोर बसून त्याचं चित्र काढायचे, ते तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं कोरायचे, कोरलेल्या रेघांत शाई भरायची आणि ओलसर कागद दाबून छाप काढायचा. “म्हणजे झेरॉक्स,” असं मी एकदा म्हणालो. त्यावर तो गणपती येईस्तोवर माझ्याशी बोलला नाही. ते दिवस फार सुखाचे गेले.

व्याख्यान सुरू करताना तो पुस्तकी मराठी बोलतो, ‘कलाकृती’ वगैरे म्हणतो. रंगात आला की दोन मिनिटांत पूर्ण्याला परत येतो. लूम गेले तरी कापडातले धागे मोजायचं घडीचं पितळी भिंग त्यानं जपून ठेवलं होतं. एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, हे बघून माल पास-नापास करायचं ते भिंग. आता तेच तो व्हीनसच्या पोटावर टेकवतो, एक डोळा मिटतो आणि ओरडतो, “बघ, बघ! उजेड पडलाय तिथं नुसता ताणा. सावली आली की आडवा बाणा टाकलाय. काळोख पाहिजे तिथं धागा दाट केलाय. हे कोरलेलं न्हाय रं, विणलेलं हाय! आणि एक धागा तुटलेला न्हाय!” आता मी काय बोलणार? हा स्वतः कापड विणायचा तेव्हा व्यापारी तुटक्या धाग्यांपायी याचे तागे परत पाठवायचे, आणि आता हा कधीच मरून गेलेल्या इटालियन माणसाचा माल पास करत होता.

देवांची खरी नावं त्याला येतात, पण त्यानं त्यांना घरगुती नावं ठेवली आहेत. गदेवर रेलून दमून उभा असलेला हर्क्युलिस म्हणजे ‘वॉचमन’, कारण नाईट ड्युटी करून आलेला गोदामाचा वॉचमन सकाळी तसाच उभा असतो. सापांच्या विळख्यात सापडलेला म्हातारा आणि त्याची दोन पोरं, या चित्राचं नाव ‘वाटणी’. प्रत्येक छापाखाली उजव्या कोपऱ्यात कारागिराच्या नावापुढं ‘स्कल्प’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यावरून याची बरीच वर्षं पक्की समजूत होती की हे सगळे स्कल्प आडनावाचे, एकाच भावकीतले. “केवढं घराणं! आणि सगळे एकाच धंद्यात, भांडण न्हाय तंटा न्हाय,” असं तो डोळे भरून सांगायचा. पुढं मुंबईच्या एका दुकानातल्या बाईंनी सांगितलं की त्याचा अर्थ नुसता ‘यानं कोरलं’ असा आहे. घरी येऊन तो दोन वेळा जेवला नाही. एवढी मोठी भावकी एका दुपारी गेल्यावर माणूस जेवणार कसा?

दुकानात त्याचा जाच विचारू नका. फ्रेमला आणलेल्या चित्राला मी हात लावायच्या आधी, “हात धुतलेस का?” माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर! डिंक लावायचा नाही, खळ लावायची. काच चित्राला टेकता कामा नये. मागं साधा पुठ्ठा चालणार नाही. मी चित्राकडं तोंड करून शिंकलो तर तो मला मारेल, अशी मला भीती असायची. एकदा ते पहिलं धड काउंटरवर पडलेलं असताना लूमवरचा एक कारागीर आपल्या मुलीचं सर्टिफिकीट फ्रेम करायला आला. त्यानं बराच वेळ मान वाकडी करून धडाकडं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, “चाचा, ये तस्वीर तो फटी नहीं है, आदमी ही फटा हुआ है. इसकी भी फ्रेम बनती है क्या?”

मी म्हटलं, “बनती है भाई. रिश्तेदारी का मामला है.”

पूर्ण्याच्या घरी वरच्या मजल्यावरचा सगळा हॉल या मंडळींनी भरला आहे. रस्त्यानं दिवसभर गोदामांचे कंटेनर जातात. एक कंटेनर गेला की भिंत थरथरते आणि सगळे देव जरासे डावीकडं कलतात. मग हा गवंड्याची लेव्हल घेऊन निघतो आणि एकेकाला सरळ करत जातो. शेवटच्यापाशी पोचतो तोवर पुढचा कंटेनर येतो. हा व्यायाम तो रोज करतो आणि वर ‘मला गुडघेदुखी नाही’ म्हणून शेखी मिरवतो. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला धनुष्य घेतलेल्या अपोलोपुढं उभं करायचं, हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. त्या चित्रात अपोलोनं धनुष्य चुकीच्या हातात धरलंय. “कळली का गंमत?” हा विचारणार. “छाप उलटा उमटतो. डावं उजवीकडं जातं, उजवं डावीकडं. म्हणून पत्र्यावर आधीच उलटं कोरायचं असतं. एवढा मोठा कारागीर, आणि गाढव उलटं कोरायचं विसरला! देवाला डावखुरा करून ठेवला!” आणि मग एकटाच पोट धरून हसणार. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही मला कुणी विचारलं तर मी छाप उलटा उमटतो एवढं नक्की सांगेन.

तो असा हसायला लागला की चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली ताई म्हणायची, “असंल बापडा डावखुरा. त्यात एवढं हसायचं काय?”

ताई म्हणजे माझी मेहुणी, या माणसाची बायको. तिच्यापुढं मात्र माझी जीभ चालत नाही. ती स्वतः डावखुरी होती. सासरी आली तेव्हापासून तिच्या थोरल्या जावेनं, म्हणजे घराची सूत्रं ज्यांच्या हातात आहेत त्या वहिनींनी, तिचा तो हात सुधारायचा चंग बांधला होता. डाव्या हातानं वाढायला घेतलं की पळीचा फटका. डाव्या हातानं प्रसाद दिला की दुसरा. ताई “चुकलं” म्हणायची, वस्तू उजव्या हातात घ्यायची, आणि वहिनींची पाठ वळली की पुन्हा डाव्या. भांडली कधी नाही, ऐकलंही कधी नाही. नवऱ्याच्या बाबतीतही तिनं हेच केलं. हॉलमधल्या नागड्या मंडळींवरून तिनं तमाशा केला नाही. घरात पडलेल्या ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेल्या बिनरंगी कापडाचे तुकडे घेतले आणि प्रत्येक फ्रेमला नाडीचा एक छोटा पडदा शिवला. सकाळी नवरा पडदे उघडायचा, पाहुण्यांची चाहूल लागली की ती ओढून घ्यायची. एकदा मी गेलो तेव्हा घाईघाईत तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरावरही पडदा ओढला होता.

एका चित्राला मात्र तिनं पडदा शिवला नाही. आसनावर बसलेली एक देवी, अंगभर वस्त्र, एका हातात मशाल आणि दुसऱ्या, उजव्या हातात कणसांचा झुबका. धान्याची देवी होती ती. “या सगळ्यात हीच काय ती घरंदाज,” ताई म्हणायची. “बघा, बसलीये कशी. शेतावरनं येऊन ओट्यावर टेकल्यावाणी.”

“गहू हाय तो तिच्या हातात,” साडू सांगायचा.

“आपल्यात गहू पिकतो का? भातच तो.”

आणि खरोखरच दरवर्षी दसऱ्याला दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधल्या की त्यांतली एक ती या देवीच्या फ्रेमला बांधायची. गोदामांच्या मधे एक चिंचोळा पट्टा तिनं हट्टानं भाताला राखून ठेवला होता. तिथं गोदाम नको, एवढं एकच तिनं आयुष्यात नवऱ्याकडं तोंड उघडून मागितलं. कंटेनरच्या रांगेत उभं राहिलेलं ते भात बघून ड्रायव्हर लोक हसायचे.

मागच्या वर्षी भात पोटरीला आलं होतं तेव्हा ताई गेली. दुखणं फार लांबलं नाही. तिचा फोटो मीच फ्रेम केला. साडू दुकानात आला, माझ्यासमोर स्टुलावर बसला, आणि “हात धुतलेस का?” असं त्यानं विचारलं नाही. मी वाट बघत होतो. शेवटी आपणहूनच उठलो आणि हात धुऊन आलो. त्या वर्षी देवीच्या फ्रेमला लोंबी बांधायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांच्या घरात अशी रीत आहे, की सवाष्ण गेली की वर्ष झाल्यावर चांदीच्या पत्र्यावर तिची आकृती उठवून घ्यायची, आणि तो टाक नवरात्रात, घटस्थापनेच्याच दिवशी, देव्हाऱ्यात बाकीच्या देवांच्या शेजारी बसवायचा. टाक बसत नाही तोवर गेलेलं माणूस उंबऱ्याबाहेरच उभं असतं, असं मानतात. वर्ष होत आलं तसा साडू मला घेऊन बाजारपेठेतल्या सोनाराकडं गेला. सोनारानं ड्रॉवर ओढला आणि टाक दाखवले. हात जोडून उभी असलेली बाई, गोल तोंड, मोठं कुंकू. दुसरा दाखवला, तीच बाई. तिसरी जरा मोठी, पण तीच. एकच ठसा, त्याच्यावर पत्रा ठोकायचा की झाली सवाष्ण तयार. भिवंडीत आजवर गेलेल्या सगळ्या बायका त्या ड्रॉवरमधे एकाच तोंडाच्या होत्या.

“हा न्हाय चालणार,” साडू म्हणाला.

“अहो, सगळे हाच नेतात,” सोनार म्हणाला.

“ही ती न्हाय.” त्याचा आवाज चढला नव्हता, आणि मला वाटतं तेव्हाच मी घाबरलो. “हा टाक आत घेतला तर दुसरीच कुणीतरी घरात येईल. आणि आमची दारातच उभी राहील.”

मी त्याला समजवायला गेलो. अहो भाऊ, रीत आहे, चेहरा कोण बघतो, वगैरे. त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तो परत सोनाराकडं गेला, मलाही ओढत नेलं. बरोबर ती धान्याची देवी होती, फ्रेममधून काढलेली, नुसता कागद. “मुकुट नको, मशाल नको,” तो सोनाराला सांगत होता, “डोक्यावर पदर घ्या, कपाळाला कुंकू, नाकात नथ. बसणं तेवढं हिचं घ्या. आणि हातात लोंबी. ती तशीच बसायची.” सोनारानं मान डोलावली, चित्र हातात घेतलं, बोटांना काळं लागलेलं तसंच, आणि खाली ठेवून वर सांडशी ठेवली. मी डोळे मिटून घेतले. आता हा ओरडेल, आता सोनाराची गचांडी धरेल. काही झालं नाही. डोळे उघडले तर साडू नुसता त्या सांडशीकडं बघत होता. मग पायात चपला घालून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

घटस्थापनेच्या सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको पूर्ण्याला गेलो. सगळी भावकी जमली होती. देव्हाऱ्यापुढं पाटावर तांदूळ पसरले होते. वहिनी आता फार थकल्यात, पण टाक बसवायचा मान त्यांचाच. साडूनं फडक्यात गुंडाळलेला टाक आदल्या संध्याकाळी सोनाराकडून आणला तो तसाच, स्वतःसुद्धा न उघडता, त्यांच्या हातात दिला. वहिनींनी फडकं सोडलं. टाक छान झाला होता, खोटं कशाला बोलू. पदर होता, नथ होती, आणि ते बसणं, एक पाय जरा पुढं टाकून, दमल्यासारखं, हुबेहूब ताईचं होतं. माझ्या बायकोनं तोंडावर पदर घेतला.

वहिनींनी टाक डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा हात थांबला. “ही लोंबी डाव्या हातात कशी हाय?”

देवाच्या कामात डावा हात, तोही देव्हाऱ्यात, तोही कायमचा. कुणीतरी मागून पुटपुटलं, असं न्हाय चालत. साडू पुढं आला. त्यानं टाक घेतला, खिशातून ते पितळी भिंग काढलं आणि एक डोळा मिटून बघितलं. मग भिंग खाली घेतलं तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मला कळलं होतं, सगळ्या घराला कळलं होतं, कारण त्या हॉलमधे अपोलोपुढं उभं करून त्यानं आम्हाला सगळ्यांना हेच तर शिकवलं होतं. सोनारानं चित्रात जसं दिसलं तसंच सरळ ठशात कोरलं होतं, आणि ठोकलेल्या पत्र्यावर ते उलटं उमटलं होतं. छाप उलटा उमटतो. जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, पाहुण्याचा चहा गार करून सांगितलं, आणि सांगायची एकच वेळ होती तेव्हा हा माणूस सांगायला विसरला.

“माझी चूक,” तो म्हणाला. “त्याला उलटं कोर म्हणून सांगायचं राहून गेलं. मी... माझं ध्यानच नव्हतं तिकडं.” त्यानं टाक फडक्यात गुंडाळायला घेतला. गाठ बसेना. “वितळवून दुसरा करतो. होईल. पुढच्या नवरात्रात बसवू.”

म्हणजे आणखी एक वर्ष ताई उंबऱ्याबाहेर. हे त्याच्याही लक्षात आलं असणार, कारण तो बोलता बोलता दाराकडं बघायला लागला होता. मी या माणसाला आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या क्षणी मला त्याच्याकडं बघवेना.

“आण इकडं,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, चूक झालीये.”

“आण म्हणते न्हवं!” त्यांनी फडकं त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतलं. टाक काढला, त्या डाव्या हातावरून बोट फिरवलं. “किती मारलंय मी या हातावर. ‘चुकलं’ म्हणायची आणि परत तेच करायची. जित्तेपणी सुधारली न्हाय, आता देव होऊन काय सुधारते?” त्यांनी पदरानं टाक पुसला. “डावरीच व्हती ती. हीच हाय. चल गं, ये आत.”

आणि त्यांनी टाक तांदळावर बसवला. हळद-कुंकू वाहिलं, आणि नैवेद्याचा घास मात्र, मी डोळ्यांनी पाहिलं, डाव्या हातानं पुढं केला. साडू देव्हाऱ्यापुढं मटकन बसला आणि लहान पोरासारखा, लूमच्या आवाजात रडला.

आता तुम्हाला वाटेल की एवढं झाल्यावर माणूस थोडा तरी सुधारला असेल. नाव काढू नका. दसरा झाल्यावर तो दुकानात आला. बगलेत ती धान्याची देवी, सोनाराच्या बोटांचे डाग तिच्यावर तसेच. मी म्हटलं, “पुसून देऊ?”

“राहू दे. आधी फ्रेम कर. हात धुतलेस का?”

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी शिव्या देत उठलो आणि हात धुतले.

“आणि एक आरसा पाहिजे,” तो ओरडला. “याच मापाचा. हिच्याच पट्टीची फ्रेम.”

“आरसा कशाला आता?”

“समोरच्या भिंतीला लावतो.”

मला वाटलं, संपलं, हा गेला कामातून. आरसा करून दिला आणि लावायला स्वतः पूर्ण्याला गेलो, कारण याच्या हातून खिळा सरळ बसत नाही. देवीच्या बरोब्बर समोर आरसा टांगला. तिच्या फ्रेमला भाताची नवी लोंबी बांधलेली होती. गाठ पुरुषी होती, ढिली. साडूनं खुर्ची आणली आणि देवीकडं पाठ करून, आरशाकडं तोंड करून बसला. मला आधी उमगलं नाही. मग मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि आरशात पाहिलं. आरशात देवी होती, आणि कणसं तिच्या डाव्या हातात होती.

“लोक हसतील हो,” मी म्हटलं.

“हसू दे. बघ ना, आता कशी बसलीये. शेतावरनं आल्यावाणी.”

भिंतीवरचे सगळे पडदे ओढलेले होते. वॉचमन, वाटणी, तो डावखुरा अपोलो, सगळे कापडाआड. ताई गेल्यापासून संध्याकाळी तो ते आपणच ओढून घेतो, पाहुणे येवोत न येवोत. खालून एक कंटेनर गेला, भिंत थरथरली, आणि आम्ही दोघंही एकदमच आरशाकडं बघायला लागलो. तो हलला नव्हता. खिळा मी चांगला ठोकला होता. निघताना जिन्यात उभा राहून मी म्हटलं, “भाऊ, आरसा थोडा तिरका झालाय. पुढच्या रविवारी येऊन सरळ करतो.”

त्यानं लेव्हल उचलली, आरशावर धरली आणि बराच वेळ बघितलं. मग ती खाली ठेवली.

“हां, तिरकाच हाय जरा,” तो म्हणाला. “ये रविवारी. जेवायलाच ये.”